कोर्टाने नादारीतून मुक्त केले, पण सिबिल अहवाल आणि सैल हात यांचे काय करावे?

सक्करदरावासी (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४३ असून मी नागपूरला सक्करदरा भागात राहतो. २०११ पासून माझे लहानसे बिछायत केंद्र होते. २०१९ च्या दिवाळीनंतर लग्नांचा हंगाम चांगला दिसत होता, म्हणून बँकेचे मुदत कर्ज काढून मी चारशे खुर्च्या, एक जनरेटर आणि दोन मोठे शामियाने घेतले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा एप्रिल आणि मे महिन्यांतल्या सव्वीस लग्नांचे बयाणे माझ्याकडे जमा होते, म्हणजे जमा असायला हवे होते. ते पैसे मी केव्हाच शामियान्यांत घातले होते. लोकांचे बयाणे परत करण्यासाठी मी दोन क्रेडिट कार्डे वापरली, एका वित्त कंपनीचे वैयक्तिक कर्ज घेतले आणि शेवटी माझ्या साडूंना जामीनदार करून पतसंस्थेकडूनही तीन लाख उचलले. सगळे मिळून साधारण १७ लाखांचा बोजा झाला आणि तो फिटणे शक्य नव्हते.

२०२१ मध्ये वकिलांच्या सल्ल्याने जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणे शक्य नसल्याचा, अर्ज केला. मला नादार ठरवण्यात आले, कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरने सामान विकले आणि गेल्या वर्षी कोर्टाने मला नादारीतून मुक्त करणारा आदेश दिला. सुनावणीत माझ्या हिशेबाच्या वह्या मागितल्या गेल्या तेव्हा माझ्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि मोबाइलमधली छायाचित्रे यांपलीकडे काहीही नव्हते. पत्नीने स्वतःच्या समाधानासाठी बयाण्यांचे एक रजिस्टर ठेवले होते, त्याने माझी लाज राखली.

आता मी वाडीच्या एका गोदामात पर्यवेक्षक आहे आणि हाती २६,५०० रुपये पगार येतो. पत्नी घरी ब्लाउज आणि पिको-फॉलची कामे करते, तर मुलगा नववीत आहे. माझ्या अडचणी अशा आहेत. कोर्टाने मुक्त केल्यानंतरही माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, पाचपैकी चार खाती थकीत किंवा ‘राइट ऑफ’ (बुडीत धरलेली) अशीच दिसत आहेत. सीताबर्डीवरचा एक एजंट १२,००० रुपयांत अहवाल ‘साफ’ करून देतो म्हणतो. पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले तर जुना धनको ते उचलून नेईल, अशी भीतीही वाटते. कामावर जाण्यासाठी दुचाकी हवी आहे आणि ती पत्नीच्या नावे कर्जावर घ्यावी, असे नातेवाईक सुचवतात.

शेवटची गोष्ट लिहायला संकोच वाटतो. एवढे होऊनही माझा हात सैलच आहे. महिन्याच्या अठरा-वीस तारखेला खाते रिकामे होते आणि पैसे कुठे गेले ते मला सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दिवाणी बाजू

मी नागपुरात वकिली करतो आणि नादारीची प्रकरणे फार थोडी, पण पाहिलेली आहेत. तुमचे प्रकरण १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखालचे आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे आणि बाकी बहुतेक ठिकाणी हा १९२० चा चालतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे खरा, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू करण्यात आला, त्यामुळे तुमच्यासारख्या दुकानदाराला अजूनही शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याचेच दार ठोठवावे लागते. त्याचे वय पाहायचे असेल तर कलम ४२ वाचा: मालमत्ता रुपयाला आठ आणे इतकीही भरत नसेल, तर ती परिस्थिती आपल्या दोषाने आलेली नाही हे नादाराने कोर्टाला पटवून द्यावे लागते. आणे व्यवहारातून जाऊन साठ-पासष्ट वर्षे झाली, कायद्यात ते अजून चालू आहेत. व्यवसायाला साजेशा हिशेबाच्या वह्या न ठेवणे हेही त्याच कलमात बिनशर्त मुक्तता नाकारण्याचे एक कारण म्हणून दिलेले आहे. तुमच्या पत्नीच्या रजिस्टरचे वजन त्यामुळे तुम्हाला वाटते त्याहून बरेच जास्त होते.

आता तुमच्या भीतीबद्दल. मुक्ततेचा आदेश होईपर्यंत नादाराकडे जी नवी मालमत्ता येते, ती कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि त्या काळात आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी करणे हासुद्धा गुन्हा ठरतो. तुमचा तो काळ संपला. आदेशानंतर तुम्ही कमावलेले आणि साठवलेले तुमचे आहे, मात्र कोर्टाने पुढील उत्पन्नाबाबत काही अट घातलेली नाही ना, हे आदेशाच्या प्रतीत नीट वाचून घ्या. तशी अट घालण्याचा अधिकार कोर्टाला असतो. आदेशाची प्रमाणित नक्कल काढली नसेल तर तिच्या तीन-चार प्रती काढून ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा तीच बोलणार आहे.

कलम ४४ मधल्या दोन गोष्टी कोणी सहसा समजावून सांगत नाही. पहिली अशी की सरकारी देणी, फसवणुकीतून निर्माण झालेले देणे आणि पोटगी यांतून मुक्तता मिळत नाही. बिछायत केंद्राचा जीएसटी थकला असेल तर तो विषय जिवंत आहे असे समजा. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे: तुम्ही सुटलात म्हणून जामीनदार सुटत नाही. पतसंस्था तुमच्या साडूंविरुद्ध सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढू शकते आणि त्यावरून त्यांच्या पगारापर्यंत पोहोचू शकते. तुम्ही प्रश्नात साडूंचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

निवृत्त कर्जखाते

मी एका बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षे काम केले. त्या काळात तुमच्यासारख्यांचे अर्ज मी स्वतः नाकारले आहेत, त्यामुळे टेबलापलीकडून काय दिसते ते सांगतो.

एजंटाला एक पैसाही देऊ नका. अहवालातली नोंद धनको संस्थेने पाठवलेली असते आणि तिच्या संमतीशिवाय अहवाल तयार करणाऱ्या माहिती कंपनीलाही ती बदलता येत नाही, तेव्हा सीताबर्डीवरच्या गृहस्थांकडे अशी कोणती गुरुकिल्ली असणार? ते फार तर तुमच्या नावाने तोच अर्ज भरतील, जो तुम्हाला घरबसल्या फुकट भरता येतो. आपण सगळे ‘सिबिल’ म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चारही काढा, कारण एका ठिकाणी दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहिलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. तुमचे पाचवे खाते न दिसण्याचे कारण बहुधा पतसंस्था हे असावे; पुष्कळ पतसंस्थांची कर्जे या अहवालांत येतच नाहीत.

मग प्रत्येक खात्याच्या ओळीवर पेन्सिल ठेवून दोनच गोष्टी पाहा: शिल्लक येणे किती दाखवले आहे, आणि थकीत रक्कम किती. कोर्टाने देणे संपवल्यावर या दोन्ही रकान्यांत शून्य यायला हवे. तसे नसेल तर ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि तिच्यासोबतच संबंधित बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला आदेशाच्या नकलेसह लेखी पत्र द्या. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून लागू झालेल्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देय असते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालण्याची गरज नाही, तक्रार ऑनलाइन आणि विनामूल्य होते.

काय होणार नाही, तेही ऐकून ठेवा. २०२० आणि २०२१ मध्ये हप्ते चुकले हा इतिहास खरा आहे आणि खरा इतिहास खोडला जात नाही. माहिती कंपन्यांना तो किमान सात वर्षे जपून ठेवावा लागतो. मात्र अहवालातल्या हप्त्यांच्या तक्त्यात ३६ महिन्यांची वर्तणूक दिसते आणि अर्ज तपासणाऱ्याची नजर आधी अलीकडच्या महिन्यांकडे जाते. माझी तरी तशीच जात असे. जुन्या थकबाकीवर नंतरची दोन वर्षे एकही डाग नसेल तर मी अर्ज बाजूला ठेवून माणसाला समोर बसवीत असे.

नवी वर्तणूक दिसण्यासाठी काहीतरी चालू खाते लागते, आणि तिथे मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड उपयोगी पडते. पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवली की तिच्या बऱ्याचशा भागाइतकी मर्यादा असलेले कार्ड बँक देते, कारण तिचे पैसे सुरक्षित असतात. ज्या बँकेचे तुमच्याकडे बुडाले तिच्याकडे जाऊ नका. कोर्ट विसरले तरी ती विसरत नाही. कार्डावर विजेचे बिल आणि मोबाइल रिचार्ज एवढेच टाका, वापर मर्यादेच्या तिसाव्या हिश्श्यापर्यंत, चुकलो, तीस टक्क्यांपर्यंत ठेवा आणि बिलाची पूर्ण रक्कम बचत खात्यातून आपोआप कापली जाईल अशी सूचना बँकेला देऊन टाका. बिलावर ‘किमान देय’ म्हणून जो लहान आकडा छापलेला असतो, त्याच्या आहारी गेलेली माणसे मी आयुष्यभर पाहिली. समजा ३०,००० रुपये बाकी आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज झाले १,०५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९. तुम्ही पाच टक्के किमान रक्कम म्हणून १,५०० भरलेत, तर कर्ज फक्त २६१ रुपयांनी कमी झाले, आणि तेही त्या महिन्यात कार्डाला हात लावला नसेल तर.

पत्नीच्या नावे दुचाकीचे कर्ज घेऊ नका. घरात एक अहवाल स्वच्छ आहे आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी तोच पुढे करावा लागेल. सक्करदऱ्याहून वाडीपर्यंतचे अंतर मला माहीत आहे, बसने हाल होतात हेही खरे, पण जुनी दुचाकी रोखीने घेण्याइतके पैसे साठेपर्यंत कळ काढा. आणि या काळात चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकून पाहू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि गरजू माणूस दारोदार फिरतो आहे, असा तिचा अर्थ लावला जातो.

इतवारीकर

मी व्यापारी माणूस आहे, तेव्हा वेगळे मत मांडतो. ज्या कार्डाने भाऊंना बुडवले तेच कार्ड पुन्हा हाती द्यायचे, हे मला पटत नाही. माझ्या वडिलांनी इतवारीत चाळीस वर्षे दुकान चालवले, त्यांना सिबिल हा शब्द माहीत नव्हता. हाती असेल तेवढेच खर्च करावे, नसेल तर थांबावे. हात सैल असलेल्या माणसाला आधी दोन वर्षे रोखीत राहू द्या.

निवृत्त कर्जखाते

इतवारीकर, तुमच्या वडिलांची पत इतवारीतल्या दहा दुकानदारांना ठाऊक होती, म्हणून त्यांना कागदाची गरज पडली नाही. या गृहस्थांना उद्या भाड्याचे घर बदलायचे झाले किंवा मुलासाठी शैक्षणिक कर्ज लागले, तर कागदच विचारला जाईल. तरीही तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. खर्चाला वळण लागेपर्यंत कार्ड घेऊ नये. निदान तीन महिन्यांचा हिशेब आधी हाती असावा.

मानेवाड्याची ताई

दादा, कायदा आणि अहवाल यांवर वर चांगले लिहिले गेले आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या परिच्छेदाकडे वळते. तो मी लिहिला असता तरी शब्द बदलावे लागले नसते.

आमची नादारी झाली नाही, तडजोड झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये दोन कार्डे आणि एक वैयक्तिक कर्ज कमी रकमेत मिटवले आणि अहवालात ‘सेटल्ड’ हा शिक्का बसला. दिवसभर मी एका खासगी कार्यालयात हिशेबनीस म्हणून दुसऱ्यांचे आकडे जुळवते, आणि माझ्या घरचा ताळा मात्र लागत नव्हता. बोजा उतरल्यावर सवय आपोआप बदलेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात उलटेच घडले, हप्ता नाही म्हणून हात अधिकच मोकळा झाला आणि चौथ्या महिन्यात मी पुन्हा बहिणीकडे उसने मागत होते.

तेव्हा एक खाकी पुठ्ठ्याची शाळकरी वही घेतली. मोबाइलमध्ये हिशेबाची दोन ॲप आधी भरून पाहिली होती, पण ज्या यंत्रावर खर्च होतो त्याच यंत्रावर तो लिहायचा, तर मी हिशेब लिहायला उघडून खरेदीच करून परत येत असे. वहीत पहिल्या महिन्यात फक्त लिहिले, काहीही कमी केले नाही. महिना संपल्यावर बेरीज केली तेव्हा यूपीआयने केलेली २१४ देणी निघाली आणि त्यांपैकी १३९ शंभर रुपयांच्या आतली होती. मोठा खर्च असा कुठेच नव्हता. सकाळी कार्यालयाबाहेरचे तर्री पोहे, दुपारचा चहा, मुलीच्या वहीवरची चिकट चित्रे, परतताना ‘आज कंटाळा आला’ म्हणून मागवलेली भाजी-पोळी. त्या महिन्यात घराबाहेरच्या खाण्यावर ४,८७० रुपये गेले होते, आणि किराण्याचे बिल त्याहून कमी होते.

मी पोहे सोडले नाहीत, हे आधी सांगते, नाहीतर कोणी तपस्विनी समजेल. मी खाते वेगळे केले. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेले नाही आणि त्याचे एटीएम कार्ड देवघराच्या खणात असते. त्या खात्यातून भाडे, शाळेची फी आणि पोस्टातील आवर्ती ठेवीचे १,००० रुपये परस्पर जातात. दुसरे खाते खर्चाचे, त्यात दर सोमवारी २,२०० रुपये जमा होतात आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडले आहे. शुक्रवारी त्यात १४० रुपये उरले की घरातल्या सर्वांना ते कळते, कारण मी तो आकडा फ्रिजवर खडूने लिहिते. मुलगी एकदा म्हणाली, ‘आई, आज १४० वाला दिवस आहे, आपण खिचडी करू.’ मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

तुम्ही सक्करदऱ्याला राहता, म्हणजे बुधवार बाजार तुमच्या दारातच आहे. मी तिथे फोन घरी ठेवून जाते. तराजूच्या दांडीला टांगलेला तो चौकोनी कोड आता प्रत्येक भाजीवालीकडे आहे आणि तो दिसला की पिशवी भरतच राहते. बटव्यात ५०० रुपये असले की वांगी की फुलकोबी, असा विचार करावा लागतो. रात्री आठनंतर गेलात तर उरलेला ढीग निम्म्या भावात मिळतो, पण त्या वेळी घेतलेली मेथी त्याच रात्री निवडून ठेवली नाही तर सकाळी फेकावी लागते. हा धडा मी दोनदा गिरवला.

नागपुरातल्या माणसाचे अंदाजपत्रक एप्रिलमध्ये मोडते, हे माझे वहीवरून काढलेले निरीक्षण आहे. कूलरची खस बदलायची, पंप जळालेला असतो तो नवा आणायचा, आणि मे महिन्याचे विजेचे बिल हिवाळ्याच्या दुप्पट येते. पूर्वी दरवर्षी हे सगळे अचानक आल्यासारखे मी कार्डावर टाकत असे, जणू काही नागपूरला उन्हाळा यंदाच पहिल्यांदा आला. आता जानेवारीपासून दरमहा ७०० रुपये ‘ऊन’ या नावाने वेगळे काढते. पोळा, तान्हा पोळा, दिवाळी यांच्यासाठी दुसरे पान आहे.

सर्वांत अवघड आहेर. तुमच्या व्यवसायामुळे तुमचा लग्नांशी संबंध माझ्याहून अधिक, तेव्हा तुम्हाला हे जास्त जड जाईल. वहीच्या मागच्या बाजूला कोणाकडून काय आले आणि आपण काय दिले, हे मी लिहून ठेवले आहे. पाच हजारांचे पाकीट देऊन चारचौघांत नाव राखायचे आणि पुढच्या महिन्यात मुलीची फी थकवायची, असे आम्ही तीन लग्नांत केले होते. पुतणीच्या लग्नात ५०१ रुपये दिले, त्याऐवजी दोन दिवस आधीपासून जाऊन स्वयंपाकघर सांभाळले. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या.

भिशीबद्दल एक शब्द. मैत्रिणींची बारा जणींची भिशी मी ठेवली आहे, पण ती नोंदणीकृत नाही आणि बुडाली तर दाद कुठे मागणार, हे मला कळते. म्हणून महिना ५०० पेक्षा जास्त तिथे टाकत नाही, आणि लिलाव करून आधी उचलण्याच्या भिशीत तर मुळीच जात नाही, कारण ते नाव बदलून घेतलेले कर्जच असते.

निवृत्त कर्जखाते

ताईंच्या तडजोडीसंबंधी इतर वाचकांसाठी एक जोड देतो. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, तडजोडीने खाते मिटवलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने नवे कर्ज देण्यापूर्वी शेतीखेरीजच्या कर्जांबाबत किमान बारा महिने थांबले पाहिजे. बारा महिने झाले की कर्ज मिळते, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. ती किमान मुदत आहे, हक्क नव्हे.

सक्करदरावासी

सर्वांचे आभार. घाईने उत्तर लिहिण्यापेक्षा काही करून मगच लिहावे असे ठरवले होते, त्यामुळे नऊ आठवडे गेले.

चारही अहवाल काढले. मुदत कर्ज देणाऱ्या बँकेने शिल्लक आणि थकीत रक्कम शून्य केली, ‘राइट ऑफ’चा उल्लेख मात्र ठेवला आहे. एका कार्डाचेही तसेच झाले. दुसऱ्या कार्डाची बाकी तीन अहवालांत शून्य झाली आणि चौथ्यात अजून तशीच आहे, म्हणजे निवृत्त कर्जखाते काकाजींचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. वित्त कंपनीने उत्तरच दिले नाही. तीस दिवस उलटल्यावर लोकपालाकडे तक्रार केली असून तिचा क्रमांक मिळाला आहे. एजंटाचा फोन दोनदा आला, दुसऱ्या वेळी तो ८,००० वर उतरला होता. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे आदेश पुन्हा वाचला, उत्पन्नाबाबत अट नाही. जीएसटीचे मात्र एक जुने विवरणपत्र भरायचे राहिले आहे आणि विलंब शुल्कासह त्याचा आकडा काढायला दिला आहे.

वही सुरू केली. पहिल्या महिन्याची बेरीज मी इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की गोदामातल्या मुलांना चहा-नाश्ता माझ्याकडून असायचा. मालक होतो तेव्हाची ती सवय होती आणि पर्यवेक्षकाच्या पगारावर ती चालू होती. त्यांना मी सरळ सांगितले. आता आम्ही पाच जण पाळीने पैसे देतो आणि कोणीही माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले नाही, मीच पाहत होतो. इतवारीकरांचे ऐकून कार्ड सध्या घेतलेले नाही. ठेवीसाठी पत्नीने शिवणाच्या पैशांतून ६,००० बाजूला काढले आहेत आणि तिच्या अटीप्रमाणे रजिस्टर तीच लिहिते, मी फक्त सांगतो.

साडूंचा उल्लेख मी एका ओळीत उरकला होता, हे वकील साहेबांनी बरोबर हेरले. पतसंस्थेने कलम १०१ चा दाखला घेतलेला आहे आणि गेल्या दिवाळीपासून त्यांच्या पगारातून दरमहा ४,००० रुपये कापले जातात. हे मला ठाऊक होते. ते नंदनवनला राहतात, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, आणि दीड वर्ष मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. मागच्या रविवारी पत्नीसह गेलो आणि पाकिटात १,५०० रुपये ठेवून दिले. दर महिन्याला एवढे देऊ शकेन, असे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पाकीट न उघडता त्यांनी मेहुणीकडे दिले. तिने ते मोजले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवारच्या चौकटीत पेनाने १,५०० लिहिले. मग पुढचे पान उलटून ‘पुढच्या महिन्यात कोणती तारीख?’ असे विचारले. पगार सात तारखेला होतो, म्हणून मी आठ सांगितली.

वकील साहेबांना एक शंका विचारायची राहिली: हे जे मी साडूंना देतो आहे, त्यासाठी त्यांना काही लिहून द्यावे का? मेहुणीने तसे सुचवले आहे.

दिवाणी बाजू

वचनचिठ्ठी किंवा कर्जरोखा लिहून देऊ नका. जुने देणे कोर्टाच्या आदेशाने संपले असताना नव्या कागदावर सही केलीत, तर त्या कागदावरून नवा वाद उभा राहू शकतो आणि त्यात तुमच्या पत्नीचेही नाव ओढले जाऊ शकते. तुम्ही देत आहात ते स्वेच्छेने देत आहात. पैसे रोख देण्याऐवजी बँकेतून साडूंच्या खात्यावर पाठवा, म्हणजे दोघांकडेही नोंद राहील. मेहुणीबाईंना दिनदर्शिका मात्र चालू ठेवायला सांगा आणि वर्ष संपल्यावर ती रद्दीत देऊ नका.

सक्करदरावासी

समजले. आठ तारखेला बँकेतूनच पाठवतो. पण त्यांच्या घरी जाणेही चालू ठेवीन, कारण निघताना साडू म्हणाले की पुढच्या वेळी जेवायच्या वेळेला या.